निदान : एका जुन्या स्कूटरच्या निमित्ताने

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वावरतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाच्या मूळ कारणाचा शोध असतो. माधवकराचा ‘रोगविनिश्चय’ हा ग्रंथ वैद्यांच्या परंपरेत ‘माधवनिदान’ याच नावाने ओळखला जातो. घरातल्या बोलण्यात मात्र तो ‘किमान’ या अर्थाने येतो. ‘निदान चहा तरी घेऊन जा’, ‘निदान एक फोन तरी करायचा’. पहिल्या अर्थात शोध आहे, दुसऱ्यात काकुळती. संस्कृतात मागे गेले तर या शब्दाचा एक फार जुना अर्थ सापडतो : दावे, म्हणजे वासराला बांधण्याची दोरी. हा अर्थ ऋग्वेदाइतका जुना आहे. वासरू कोठे बांधले आहे हे कळायला दावे हातात धरून खुंटीपर्यंत जावे लागते. कारणापर्यंत पोचण्याची रीत तीच.

गेल्या वर्षी एका जुन्या स्कूटरच्या विद्युत दोषाच्या मागे आम्ही सुमारे दोन महिने होतो, तेव्हा या शब्दाचे तिन्ही अर्थ एकदम भेटले. शोध होता, काकुळती होती आणि हातात धरायला खरोखरीची दोरी होती; फक्त ती तांब्याची होती.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. स्कूटर आमच्यापैकी एकाच्या वडिलांची, ज्यांना आम्ही दोघेही नाना म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या नानांनी ती ऐंशीच्या दशकात घेतली. त्या काळी या शहरात स्कूटरला केवळ वाहन समजत नसत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या खेड्यांतली मुले सायकलवरून, मग बसने आणि मग स्वतःच्या दुचाकीवरून त्या रस्त्याला लागली. ‘चेतक’ १९७२ सालची. पियाजिओशी असलेला परवान्याचा करार त्याच्या आदल्या वर्षी संपला होता. परवाना राज्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबलेली पिढी अजून हयात आहे. नंबर लागल्याचे पत्र आले की पेढे वाटत, हे आज वर्गात सांगितले तर विद्यार्थी हसतात. पेट्रोलवरच्या स्कूटरी बनवणे या कंपनीने २००९च्या सुमारास थांबवले. आता ‘चेतक’ पुन्हा रस्त्यावर दिसते ती विजेवर चालणारी. तिच्यात किक नाही आणि धूरही नाही.

आमची स्कूटर त्याच घाटाची, दोन फटक्यांच्या इंजिनाची, पेट्रोलमध्ये ऑइल घालावे लागणारी. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि ती मुदत जवळ आली होती. तपासणीला दिवे, हॉर्न, ब्रेक सारे चालू लागते. शिवाय वाहन स्वतःच्या चाकांवर तेथवर पोचले पाहिजे. ते पोचेल याचा भरवसा राहिला नव्हता. स्कूटर चालता चालता एकाएकी बंद पडे आणि पाचदहा मिनिटांनी, जणू काही झालेच नाही अशी, पहिल्या किकला सुरू होई. घरात दोन मते होती. एक, भंगारात द्यावी. दुसरे मत नानांचे होते, पण ते बोलून दाखवत नव्हते. संध्याकाळी स्कूटर फाटकातून आत येण्याचा आवाज झाला की ते खुर्चीतून उठत, एवढेच.

या जातीच्या जुन्या स्कूटरमध्ये वीज कोठून येते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. जुन्या नमुन्यांत बॅटरी नसतेच. इंजिनाच्या बाजूला एक जड चाक असते, त्याच्या आतल्या कडेला चुंबके बसवलेली असतात. चाक फिरले की ती चुंबके आतल्या स्थिर तबकडीवरच्या तांब्याच्या गुंडाळ्यांभोवती फिरतात आणि गुंडाळ्यांत वीज उत्पन्न होते. यालाच मॅग्नेटो म्हणतात. एका गुंडाळीची वीज दिव्यांना, दुसरीची ठिणगीला. म्हणूनच या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या वेगाबरोबर उजळतो आणि मंदावतो. चौकात थांबले की प्रकाश विझू विझू होतो. पुढचा मोठा बल्ब उडाला तर त्याच्या वाट्याची वीज मागच्या लहान बल्बवर येते आणि तोही उडतो. ठिणगीच्या गुंडाळीतली वीज पॉइंट उघडण्याच्या क्षणी खंडित होते. त्या खंडामुळे कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या टोकाशी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या फटीत, ठिणगी पडते. पुढच्या काळात पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी आली, तत्त्व फारसे बदलले नाही.

विद्युत दाब म्हणजे काय, हे या शहरात समजावून सांगायला पाणचक्की पुरते. शहराबाहेरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणायचे, उंच बुरूजवजा भिंतीवर चढवायचे आणि तेथून खाली सोडायचे. पाण्याला उंची मिळाली की जाते फिरते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नहरीचे शहाणपणही हेच होते. नळ मध्येच फुटला तर पाणी कारंज्यापर्यंत पोचत नाही. ते जमिनीत जाते. कारंजे कोरडे पडले म्हणून कारंजे खोदून उपयोग नसतो. विजेचेही तसेच आहे. प्लगला ठिणगी नाही याचा अर्थ वीज निर्माण झाली नाही असा होऊ शकतो, किंवा वीज निर्माण झाली आणि वाटेत जमिनीला मिळाली, असाही होऊ शकतो. दोन्हींचे लक्षण एकच.

पहिल्या महिन्यात स्कूटर तीन गॅरेजांत गेली. एका ठिकाणी प्लग बदलला. दुसऱ्या ठिकाणी कंडेन्सर बदलला, कारण ‘गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते’ हे वर्णन ऐकले की कोणताही अनुभवी कारागीर कंडेन्सर किंवा कॉइलवरच बोट ठेवेल. ते चूकही नाही. उष्णतेने दगा देणारे हे भाग प्रसिद्धच आहेत. तिसऱ्या ठिकाणी कॉइल बदलली. प्रत्येक वेळी स्कूटर चारपाच दिवस नीट चालली आणि प्रत्येक वेळी तो उपाय लागू पडल्याचा निर्वाळा मिळाला. अधूनमधून प्रकट होणाऱ्या दोषाचा हाच मोठा फसवेपणा. तो कोणत्याही उपायानंतर काही काळ नाहीसा होतो, कारण तो एरवीही काही काळ नाहीसाच असतो. गंडेदोरे, नवस आणि पुष्कळशी औषधे याच मेहेरबानीवर टिकून आहेत.

यावर आमच्या हाती एकच साधन होते, आणि ते आमच्या व्यवसायाचे होते : नोंदवही. सहा आठवड्यांत स्कूटर १४ वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जागा, ऊन की पाऊस, किती अंतर चालली होती, किती मिनिटांनी सुरू झाली, हे लिहिले. शेवटच्या रकान्याला ‘त्या क्षणी काय चालले होते’ असे नाव दिले होते. पहिले रकाने उष्णतेच्या बाजूने बोलत होते. बहुतेक नोंदी दुपारनंतरच्या होत्या. पण सकाळच्या तीन नोंदी होत्या आणि त्यांपैकी एक तर घरातून निघाल्यावर शंभर पावलांवरची. इंजिन तापायला तेवढा वेळ पुरत नाही. उलट जालना रोडवर चिकलठाण्यापर्यंत भर उन्हात केलेल्या फेऱ्यांत एकदाही काही झाले नव्हते.

मग शेवटचा रकाना वाचला. गुलमंडीच्या गल्लीत वळताना. महाविद्यालयाच्या फाटकातून आत येताना. औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानासमोर गाडी लावताना. पुन्हा फाटक. पुन्हा गल्ली. १४ पैकी १२ वेळा स्कूटर अगदी मंद वेगात होती आणि डावीकडे वळत होती. उरलेल्या दोन वेळी घाईत पुरेसे लिहिले गेले नव्हते. दुपारनंतरच्या नोंदी जास्त का, तेही उलगडले. सकाळचा रस्ता सरळ आणि मोठा होता; संध्याकाळचा रस्ता बाजारातून, गल्लीबोळांतून येत होता. उष्णता आणि वळणे एकाच वेळापत्रकात बसली होती, म्हणून एकीचा आळ दुसरीवर जात होता. ‘पाचदहा मिनिटांनी थंड झाल्यावर सुरू होते’ याचीही दुसरी संगती लागली. बंद पडलेली स्कूटर माणूस कडेला ढकलतो, स्टँडवर चढवतो आणि तसे करताना हँडल सरळ करतो. त्या दहा मिनिटांत इंजिन थंड होत होते हे खरे, पण हँडलही सरळ झालेले असे. तिकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते दिसते तेवढे विषयांतर नाही. या शहरापासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ आणि ही प्रत यांच्यात तीनशे वर्षांचे अंतर होते. त्या काळात किती हातांनी नकला केल्या, किती जणांनी न कळलेला शब्द कळेल असा करून घेतला, याची गणती नाही. एकनाथांनी प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले आणि पुढच्यांनी यात आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, तेव्हा वि. स. सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते याच कामासाठी समोर ठेवली. पाठचिकित्सेचे एक मूलसूत्र असे की दोन हस्तलिखितांत एकच चूक आढळली तर त्या दोघांनी ती स्वतंत्रपणे केली असे सहसा मानू नये. दोघांच्या मागे एकच पूर्वज प्रत असावी आणि चूक तेथे शिरली असावी. बरोबर पाठ सारखे असणे फारसे काही सांगत नाही. चुका सारख्या असणे पुष्कळ सांगते.

जुन्या वाहनाच्या तारांत नेमके हेच सूत्र चालते. मागचा दिवा आणि डावा इंडिकेटर एकदमच गेले तर दोन्ही बल्ब वेगवेगळे उडाले असे धरू नये. दोघांची तार कोठे एकत्र येते ते पाहावे. एकच फ्यूज, एकच जोड, एकच अर्थ. आमच्या एका सहकाऱ्याच्या जुन्या चारचाकीची बॅटरी दर सोमवारी सकाळी उतरलेली असे. रविवारी गाडी वापरात नसे. बॅटरी नवीन होती. शेवटी एका कारागिराने गाडी बंद असताना बॅटरीच्या तारेत मीटर लावला आणि एकेक फ्यूज काढत गेला. एका विशिष्ट फ्यूजला मीटरचा काटा खाली आला. त्या फ्यूजवर डिकीतला लहान दिवा होता. झाकण लागले तरी तो विझत नव्हता. झाकणाखाली तो जळतो की विझतो, हे बाहेरून दिसायला वाटच नसते. वगळत जाण्याची ही रीत संथ आहे, पण प्रत्येक पावलाला ती काहीतरी निश्चित सांगते. भाग बदलत जाण्याची रीत झटपट वाटते आणि ती काहीच सांगत नाही, फक्त कधी कधी यशस्वी होते.

नोंदवही घेऊन आम्ही जुन्या मोंढ्याजवळच्या एका गल्लीत गेलो. तेथे एक वृद्ध कारागीर आहेत, सारा परिसर त्यांना चाचा म्हणतो. त्यांचे बोलणे अर्धे मराठी, अर्धे दखनी. त्यांनी नोंदवही हातात घेतली नाही. वाचून दाखवायला सांगितले. मग एकच प्रश्न विचारला. “बंद होताना फडफड करते, का एकदम बंद?” एकदम, जणू चावी फिरवावी तशी, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, “मग पेट्रोल नाही. पेट्रोलची मरताना खोकते.”

त्यांनी प्लग काढला. त्याचे टोक फिकट तपकिरी होते, काजळी नव्हती. म्हणजे आतले जळणे व्यवस्थित होते. प्लग टोपणात बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवला, पेट्रोलपासून दूर, आणि किक मारली. निळसर, जाड ठिणगी पडली. मग त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवायला सांगितले आणि पुन्हा किक मारली. ठिणगी नाही. हँडल सरळ, ठिणगी. डावीकडे, नाही. चाचा जमिनीवर बसले आणि म्हणाले, “सर, मशीन खराब नहीं है. इसको कोई बंद कर रा. चाबी से तुम करते ना, वैसाच अंदर से कोई कर रा.”

हे वाक्य नीट समजायला एक तांत्रिक गोष्ट ठाऊक हवी. घरातला दिवा आपण बंद करतो म्हणजे त्याची तार तोडतो. वीज त्याच्याकडे जाणे थांबते. या स्कूटरचे बंद होणे उलटे आहे. इंजिन फिरत आहे तोवर मॅग्नेटो वीज करतच राहणार, तिला थांबवता येत नाही. म्हणून ठिणगीच्या यंत्रणेतून एक वेगळी तार काढून ती वर हँडलमधल्या चावीपर्यंत नेलेली असते. चावी बंद केली की ती तार स्कूटरच्या अंगाला जोडली जाते आणि ठिणगीची सगळी वीज अंगात मुरून जाते. कारागीर याला ‘अर्थ देणे’ म्हणतात. म्हणजे ही तार तोडली तर स्कूटर बंद पडत नाही, ती बंद करता येत नाही. आणि ही तार वाटेत कोठेही सोलली जाऊन पत्र्याला टेकली, तर चावी चालूच्या खुणेवर असूनही स्कूटरला बंद होण्याची आज्ञा मिळते. तिचे सर्व भाग निरोगी असतात. ती फक्त आज्ञा पाळत असते.

चाचांनी इंजिनाजवळच्या काळ्या जोडपेटीतली ती तार सोडवली. आता हँडल कोणीकडेही वळवले तरी ठिणगी पडत होती. दोष इंजिनात नव्हता, वरच्या वाटेत होता. मीटरचे एक टोक सुटलेल्या तारेला आणि दुसरे अंगाला लावून त्यांनी हँडल हळूहळू फिरवले. सरळ असताना दोहोंत संबंध नव्हता. डावीकडच्या शेवटच्या चार बोटांत मीटर वाजू लागला. दावे हातात आले होते. आता खुंटीपर्यंत जायचे होते. हँडलचे डोके उघडल्यावर ती दिसली. पस्तीस-चाळीस वर्षांच्या वळण्यांनी क्लचच्या केबलखाली एके ठिकाणी तारेचे आवरण झिजून तांबे उघडे पडले होते, गव्हाच्या दाण्याएवढे. दोष कोणाचाच नव्हता. रबराचे आयुष्य संपले होते. तेवढा तुकडा कापून नवी तार डाखली, वर नळी चढवली, तार केबलपासून दूर बांधली. चाचांनी घेतलेली मजुरी आधीच्या कोणत्याही एका भागाच्या किमतीहून कमी होती.

मागचा दिवा मात्र अजून लागत नव्हता. तपासणीसाठी म्हणून स्कूटरला नुकताच नवा रंग दिला होता, आणि दिवा त्याआधी नीट होता. चाचांनी दिव्याचा स्क्रू काढला, खालचा नवा चकचकीत रंग पॉलिश पेपरने रुपयाएवढा खरवडला आणि स्क्रू पुन्हा आवळला. दिवा लागला. वाहनात विजेच्या जाण्याला तार असते, परतीची वाट म्हणजे वाहनाचे लोखंडी अंगच. रंगाने ती वाट अडवली होती. “कलर अच्छा है,” चाचा म्हणाले, “पण अर्थ नाही मिळत.”

मराठीच्या शिक्षकांनी हे वाक्य ऐकून काय करावे? इंग्रजी ‘अर्थ’ आणि संस्कृत ‘अर्थ’ यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे भाषाविज्ञान शिकवताना आम्हीच सांगतो. उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती उभारू नये. तरीही त्या दुपारी एकाच वाहनावर दोन्ही प्रकार पाहिले होते. दिवा लागत नव्हता कारण त्याला अर्थ मिळत नव्हता. इंजिन बंद पडत होते कारण त्याला नको तेथे अर्थ मिळत होता. कवितेच्या वर्गात या दोन्ही अवस्था आम्ही ओळखतो. चकचकीत परिभाषेच्या थराखाली ज्याची परतीची वाट बंद झाली आहे असे लेखन असते. आणि प्रत्येक प्रतिमेला टेकताक्षणी एखादा ठरलेला अर्थ देऊन टाकल्यामुळे जागच्या जागी बंद पडलेली कविताही असते. आपल्या समीक्षेत भाग बदलण्याची रीत बरीच आहे. एक दशक एक सिद्धांत, पुढचे दशक दुसरा. प्रत्येकाने चारपाच दिवस गाडी चालते आणि तेवढ्यात शोधनिबंध होऊन जातो. मजकुराची नोंदवही ठेवून शेवटचा रकाना वाचणे मागे पडते.

नव्या वाहनांत हा प्रश्न सुटला असे म्हणतात. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले तेव्हापासून नव्या दुचाकीही स्वतःच्या दोषांची काही प्रमाणात नोंद ठेवतात. यंत्र जोडले की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो. सोय मोठी आहे. पण क्रमांक सांगतो तो लक्षणाचा पत्ता. एखाद्या संवेदकाकडून संदेश येत नाही एवढे तो सांगेल. संवेदक गेला, तार झिजली, की जोडात पाणी शिरले, हे शोधायला कोणीतरी जमिनीवर बसावेच लागते. परीक्षेतले गुणही असेच क्रमांक आहेत.

हे लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगा होता. घरचे शेत, घरात शिकलेला पहिलाच. लेखी उत्तरे उत्तम. एका दीर्घ कादंबरीवर त्याने लिहिलेली टिपणे आम्ही दोघांनी एकमेकांना वाचून दाखवली होती. परिसंवादाच्या तासाला मात्र तो उभा राही आणि दोन मिनिटांत थांबे. विभागाच्या बैठकीत त्याची निदाने झाली : आत्मविश्वास नाही, तयारी पाठांतराची आहे, न्यूनगंड आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची एक कार्यशाळा सुचवली गेली, तीही त्याने केली. चारपाच दिवस बरे गेले.

स्कूटर दुरुस्त झाल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही त्याच्या नावाचे एक पान केले. तो कधी बोलतो आणि कधी थांबतो, एवढेच लिहायचे. ग्रंथालयात बोलतो. चहाच्या टपरीवर फार बोलतो. आमच्या खोलीत बोलतो. परिसंवादात, प्रश्नोत्तराच्या वेळी कोणी थेट विचारले तर बोलतो. थांबतो तो एकाच जागी. आमच्याकडे परिसंवादाची सुरुवात उतारा मोठ्याने वाचून होते, आणि तो ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारतो. पाणी, आणि, कोण, म्हणून. पहिल्या ओळीला मागच्या बाकावरून एक बारीक आवाज येई. हसू असे नाही, त्याहून लहान काहीतरी. तेथे तो बंद पडे. त्याच्यात वीज पूर्ण होती. कोणीतरी त्याला बंद करत होते, आणि ज्याने केले त्यालाही बहुधा ते ठाऊक नव्हते. मराठवाड्यातल्या लाखो घरांत ‘ण’ असाच उच्चारला जातो. प्रमाण मराठीने तो पुसलेला नाही, फक्त जेथे तेथे त्याला अंगाला टेकवले आहे.

पुढच्या तासाला आम्ही क्रम बदलला. उतारा प्रत्येकाने मनात वाचायचा आणि परिसंवादकाने थेट मुद्द्यापासून सुरुवात करायची, हा नियम सगळ्यांसाठी केला. तो २५ मिनिटे बोलला. त्या २५ मिनिटांत ‘न’ पुष्कळ वेळा आला, आणि तिकडे कोणाचे लक्ष नव्हते, कारण मुद्दा पुढे चालला होता.

स्कूटर तपासणीत उत्तीर्ण झाली. नाना अजून तिच्या आवाजाला खुर्चीतून उठतात. पण चाचांनी ठिणगी पडते की नाही हे पाहण्यासाठी ती तार जोडपेटीतून सोडवली होती, तेव्हा स्कूटर छान चालू झाली होती आणि आम्ही म्हणालो होतो की आता असेच राहू द्या. त्यावर ते म्हणाले, “चलेगी. पण मग चावी कशाला ठेवली? वरची तार बघावीच लागेल.” आम्ही वर्गात क्रम बदलला तेव्हा तार सोडवली, एवढेच. ती झिजली आहे ती जागा वर आहे, शाळेत, वाचनाच्या स्पर्धांत, मुलाखतींच्या खोल्यांत, आमच्याच मागच्या बाकांवर. तो मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी तो नोकरीच्या मुलाखतीला जाईल आणि तेथे त्याला पहिलीच गोष्ट सांगतील ती बहुधा एखादा उतारा वाचून दाखवण्याची. तोवर ही दोरी किती लांब जाते हे आम्ही पाहत आहोत. निदान तेवढे तरी.